उंदीर येतात कुठून, जातात कुठे? सोलापूरच्या रानात बिळं आणि पावलं वाचण्याची रीत

ज्वारी हुरड्यात आली की मोहोळपासून मंगळवेढ्यापर्यंत कुठल्याही रानात सकाळी एक दृश्य ठरलेलं. ताट बुडाजवळ तिरकं कुरतडलेलं, कणीस मातीत पडलेलं, दाणे अर्धेमुर्धे खाल्लेले आणि शेजारच्या बांधात ताज्या मातीचा ढीग. मग दुकानातून औषध आणायचं, दिसेल त्या बिळात टाकायचं. आठ दिवस शांतता, आणि पंधरवड्यात पुन्हा तेच.

मीही बरीच वर्षं हेच केलं. एका साली तर दोन एकरांत एकही बीळ सोडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बांधालगतची बिळं पुन्हा उघडी झाली, आणि त्याच सुमारास विहिरीजवळच्या लिंबाखाली गव्हाणी घुबड मरून पडलेलं सापडलं. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, नख्या आवळलेल्या, अंगावर कुठे जखम नाही. विष खाल्लेला उंदीर त्याच्या पोटात गेला असणार, असंच मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. रात्री फुकट राखण करणारा एक जीव गेला आणि उंदीर मात्र परत आले. त्यानंतर ‘मारायचे कसे’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि ‘हे येतात कुठून’ या प्रश्नामागे लागलो. त्यातून जमलेली पद्धत खाली देतो आहे. शेतकऱ्याला ती उपयोगी पडेल, तशीच शाळा-कॉलेजात प्रकल्प करणाऱ्या मुलांनाही. साहित्य घरातलंच लागतं: तुराट्या, चुलीची राख, खुरपं, वही.

आधी ‘पांगणं’ म्हणजे काय ते

लहान सस्तन प्राण्यांची हालचाल तीन प्रकारची असते, आणि तिची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

पहिली रोजची फेरी. बीळ, खाण्याची जागा, परत बीळ. ही फेरी एका ठरावीक टापूत होते आणि त्याच त्याच वाटेने होते, म्हणून गवतात उंदरांच्या पायवाटा पडतात.

दुसरं पांगणं. पिल्लू मोठं झालं की जन्माचं बीळ सोडतं आणि दुसरीकडे ठाव शोधतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत नर जास्त पांगतात आणि माद्या जन्मजागेच्या जवळपास राहतात. पक्ष्यांत बहुधा याच्या उलट, माद्या लांब जातात. पॉल ग्रीनवुड या शास्त्रज्ञाने १९८० साली ही तुलना मांडली आणि प्राण्यांच्या अभ्यासात ती आजही पायाची मानली जाते. पांगण्याची कारणं आपल्याला घरच्यासारखी वाटतील अशीच आहेत: एका बिळात तोंडं वाढली की दाणा पुरत नाही, मोठे नर लहानांना हुसकतात, आणि बहीण-भावांची जोडी टळते. हा प्रवास फार धोक्याचा. ओळखीची वाट नाही, लपायला बीळ नाही. घुबडाच्या, सापाच्या, मांजराच्या तोंडी जाणाऱ्यांत असे वाटसरू पुष्कळ असतात.

तिसरी हालचाल म्हणजे सगळ्यांचंच बिऱ्हाड हलणं. रानाला पाणी सोडलं, ज्वारी काढली, ऊस तुटला, की खाणं आणि आडोसा दोन्ही जातं. मग लहान-मोठे सगळे निघतात.

औषध टाकून रिकामं झालेलं रान हे पांगणाऱ्या पिल्लांसाठी आयतं घर असतं. बीळ खोदलेलं तयार, भांडायला मालक नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या गवताळ जागेत चार्ल्स क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू दाखवली. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात व्होल या गवतातल्या उंदरांच्या काही जागांना कुंपण घातलं होतं. बाहेर पांगायला वाट न उरल्याने आत उंदरांची संख्या बेसुमार वाढली आणि त्यांनी गवताचा फडशा पाडला. म्हणजे एखाद्या तुकड्यात उंदीर किती, हे तिथल्या जन्म-मृत्यूइतकंच येणाऱ्या-जाणाऱ्यांवर ठरतं. आपल्या बांधाला कुंपण नाही. पलीकडे पड माळ असेल, ओढा असेल, शेजाऱ्याचा ऊस असेल, तर आपलं रान कायम भरत राहतं.

आपल्या शेजारच्याच मुलखातलं याचं उदाहरण दोनशे वर्षं जुनं आहे. धारवाडकडच्या भागाला तेव्हा दक्षिण मराठा मुलूख म्हणत. तिथे वॉल्टर इलियट हा ब्रिटिश अधिकारी होता, आणि प्राण्यांचा मोठा जाणकार होता. १८२६ साली पाऊस कमी झाला तेव्हा काळ्या रानातल्या उंदरांनी पेरलेलं बी उकरून खाल्लं, पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसं तोडली, शेतंच्या शेतं उजाड केली, आणि कुणब्यांना शेतसारा भरता येईना, असं त्याने लिहून ठेवलं आहे. डझनामागे मापभर धान्य देऊन माणसं लावली, हजारोंनी उंदीर मारले, तरी संख्येत फरक दिसला नाही. हे वाचलं तेव्हा मला माझे दोन एकर आठवले.

पायरी १: बिळाचा मालक ओळखा

सगळे ‘उंदीर’ एक नाहीत, आणि प्रत्येकाची पांगण्याची तऱ्हा त्याच्या जमिनीशी बांधलेली असते.

लहान घूस: आपल्या पिकाचं सर्वांत जास्त नुकसान हिचंच. तोंड बोथट, अंग दणकट, शेपटी अंगापेक्षा थोडी आखूड. ओलसर जमीन आवडते, म्हणून पाट, चारी, ऊस आणि बागायती रानाचे बांध हे तिचे अड्डे. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असतो आणि तोंड आतून मातीने बंद केलेलं असतं. एका बिळात बहुधा एकच मोठी घूस. कणसं ओढून आत साठा करते. पाण्यात चांगली पोहते, त्यामुळे भरलेली चारी तिला अडवत नाही.

मऊ केसांचा उंदीर: इलियटने पाहिलेला हाच. काळ्या रानाच्या भेगांत राहतो, स्वतः फारसं खोदत नाही, दुसऱ्याचं रिकामं बीळही चालतं. जोडीने किंवा लहान टोळीने राहतो. याचं सगळं गणित भेगांवर आहे. जोराचा पाऊस झाला की भेगा मिटतात, पाण्याने भरतात, आणि आतले पुष्कळ मरतात. पाऊस हलका झाला की भेगा उघड्याच राहतात आणि हे तगतात. दुष्काळी साल आणि उंदरांचं साल हातात हात घालून का येतं, याचं एक मोठं कारण हे. सोलापूर जिल्ह्याला ही गोष्ट फार लागू आहे. आपला पाऊस मुळात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही सप्टेंबरच्या पावसावर रब्बी उभी. तो सप्टेंबर चुकला तर ज्वारीबरोबर उंदरांचाही हिशेब बदलतो.

जरबिल: माळावरचा देखणा प्राणी. डोळे मोठे काळेभोर, मागचे पाय लांब, शेपटी अंगापेक्षा लांब आणि टोकाला काळ्या केसांचा झुबका. घाबरला की हरणासारख्या उड्या मारतो. कोरडी, भुसभुशीत जमीन, बांध आणि पडीक रान त्याला लागतं. बिळाला अनेक तोंडं असतात, आणि घुशीसारखा मोठा ढीग नसतो.

काटेरी केसांचा छोटा उंदीर: मुरमाड उतारावर, बिळाच्या तोंडाशी बारीक खड्यांची रास दिसली की हाच. आत शिरल्यावर तोंड खड्यांनी बंद करतो आणि आतही खड्यांचं अंथरूण करतो. पिकाला त्याचा त्रास नगण्य. एकदा ती रास नीट बघा, खडे जवळपास एकाच मापाचे निवडलेले असतात.

याशिवाय अगदी पिटुकला शेतउंदीर असतो, त्याचं बीळ अंगठा जाईल एवढंच. आणि चिचुंद्री, जी उंदीर नव्हेच. तिचं मुख्य खाणं किडे, झुरळं, गांडुळं. पिल्लं जागा बदलताना एकमेकांच्या शेपटीचं मूळ दातांत धरून आईमागे रांगेत चालतात. घराच्या भिंतीकडेने ती आगगाडी जाताना दिसली तर काठी उचलू नका.

सगळ्या पायऱ्यांना लागू असलेली सूचना इथेच सांगतो. बिळात हात घालायचा नाही. रिकाम्या बिळात नाग, घोणस, फुरसं असू शकतं. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो, म्हणून ओल्या रानात गमबूट, हातमोजे, आणि पायाला जखम असेल तर त्या दिवशी काम नाही. जिवंत किंवा मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका.

पायरी २: रानाचा नकाशा

वहीच्या जोडपानावर रान काढा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे; चौकोनी असेल तर एक बाजू साधारण ६३ मीटर. पावलांनी मोजलं तरी चालतं. चारही बांध, झाडं, विहीर, चारी, कडब्याची गंजी, शेजारी काय आहे (ऊस, डाळिंब, पड, ओढा) हे नोंदवा. मग रानाचे दोन भाग करा: बांधापासून दहा पावलांपर्यंतची ‘कड’ आणि आतला ‘गाभा’. पुढचं सगळं निदान या दोन भागांच्या तुलनेवर होणार आहे, म्हणून ही रेघ वहीत ठळक काढा.

पायरी ३: बिळं बुजवून मोजणं

दिसणाऱ्या प्रत्येक बिळात उंदीर असतो असं नाही. कित्येक जुनी, सोडलेली असतात. चालू बीळ कोणतं ते कळायला ही सर्वांत भरवशाची आणि बिनखर्ची रीत.

दुपारी चारनंतर निघा. दोघं असाल तर बरं, एक बुजवणारा आणि एक लिहिणारा. कडेपासून सुरू करून ओळीओळीने सगळं रान पालथं घाला. प्रत्येक बिळाचं तोंड आजूबाजूच्या मातीने बुजवा. पायाने घट्ट ठोकू नका, हलकं दाबा. शेजारी तुराटी रोवा, नकाशावर क्रमांक टाका: ‘पूर्व बांध १’, ‘गाभा ७’ असं. दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत, आठच्या आधी, पुन्हा तीच फेरी. उघडलेलं बीळ चालू. त्या तुराटीला चिंधी बांधा.

घुशीच्या बाबतीत मात्र उलटं करावं लागतं, आणि इथे मी सुरुवातीला दोन हंगाम चुकलो. घूस तोंड स्वतःच बंद ठेवते, त्यामुळे बंद बीळ बघून मी ते मेलेलं समजत होतो. तिच्या बिळाचं बूच खुरप्याने मोकळं करा आणि उघडं ठेवा. सकाळी आतून ताज्या, ओलसर मातीने पुन्हा बंद झालेलं दिसलं तर घूस घरात आहे. कोरड्या मातीवर ती ओली काळी माती लांबूनही उठून दिसते.

लागोपाठ दोन रात्री मोजा आणि दोन्हींतली मोठी संख्या धरा. पावसाच्या किंवा नुकतं पाणी दिलेल्या रात्रीची मोजणी टाकून द्या. एका जरबिलाच्या बिळाला अनेक तोंडं असल्याने बिळांची संख्या म्हणजे उंदरांची संख्या नव्हे. तुलनेसाठी मात्र ती पुरेशी आहे, कारण तुम्ही तुमच्याच रानाची तुमच्याच रानाशी तुलना करणार आहात.

आता कड आणि गाभा वेगवेगळे मांडा. समजा ३० बिळं बुजवली, १८ उघडली, त्यातली १४ कडेत आहेत आणि त्यांतलीही १० पूर्वेच्या बांधाला. पूर्वेला शेजाऱ्याचा खोडवा ऊस आहे. संशयाला जागा मिळाली. खात्री अजून नाही.

पायरी ४: रिकामं रान पुन्हा भरतं कसं, ते बघा

माझ्या मते या लेखातली सर्वांत कामाची पायरी हीच, आणि ती कुणी करत नाही.

तुम्ही पिंजरे लावले, बिळं खणली किंवा अन्य कुठला उपाय केला, तर त्यानंतर सगळी बिळं बुजवून टाका आणि दर तिसऱ्या दिवशी फेरी मारा. तीन आठवडे. कोणतं बीळ कोणत्या तारखेला उघडलं एवढंच लिहायचं. गाभ्यातली बिळं आधी उघडली तर तुमच्या उपायातून काही जीव वाचलेले आहेत, ते आतूनच पसरताहेत. कडेची आधी उघडली आणि मग उघडण्याची रेघ हळूहळू आत सरकली, तर बाहेरून नवे येऊन बसताहेत. पहिल्या बाबतीत उपाय नीट करायला हवा. दुसऱ्या बाबतीत तुमच्या रानात कितीही उपाय केला तरी तो वाहत्या पाटात बादलीने पाणी उपसण्यासारखा आहे. काम बांधापलीकडे करावं लागेल.

माझ्या वहीत त्या सालचं पान अजून आहे. उत्तर बांधाची तारीख पहिली, तिथून सहा-सात पावलं आत पुढची, मग आणखी आत. पेन्सिलने तारखा जोडल्या तर पाण्याची ओल चढावी तशी रेघ वर सरकते. उत्तरेला पड माळ नव्हता, ओढाही नव्हता. आमचीच कडब्याची गंजी होती, जमिनीला टेकवून रचलेली.

पायरी ५: राखेची पट्टी

बीळ सांगतं कोण राहतो. कोण येतो आणि कुठल्या दिशेने, ते पाऊल सांगतं.

बांधावर नीट बघितलं तर गवतातून चार-पाच बोटं रुंदीच्या, खालची माती गुळगुळीत झालेल्या वाटा दिसतात. ती उंदरांची रोजची वहिवाट. अशा वाटेवर, बांधाच्या अगदी माथ्यावर, हातभर लांब आणि वीतभर रुंद जागा सपाट करा. तिच्यावर चाळलेली बारीक माती आणि चुलीची राख निम्मी-निम्मी मिसळून पातळ थर द्या आणि पत्र्याच्या कडेने सारखा करा. थर बोटाच्या पेराइतका जाड झाला तर पाऊल बुडतं आणि ठसा ढासळतो. रांगोळी चालते, पण दव पडलं की तिचा पापुद्रा धरतो. थंडीत दव जास्त असेल तर पट्टीवर हातभर उंचीवर पोत्याचा आडोसा धरा. प्रत्येक बांधाला दोन-तीन पट्ट्या टाका आणि तीन रात्री बघा.

सकाळी सूर्य तिरपा असताना बघा, ठशांना सावली पडते तेव्हाच ते वाचता येतात. उंदीर-घुशीच्या पुढच्या पायाला चार बोटं उमटतात, मागच्याला पाच. चिचुंद्रीच्या चारही पायांना पाच. घुशीचा मागचा ठसा तीन-साडेतीन सेंटिमीटर, मऊ केसांच्या उंदराचा अडीचच्या आसपास, पिटुकल्याचा दीड. टाच दर वेळी टेकत नाही, त्यामुळे ठसा याहून आखूड दिसू शकतो. जरबिल उड्या मारत जातो, म्हणून त्याचे मागचे दोन लांबट ठसे जोडीने उमटतात. सशाची खूण सोपी: मागचे लांब पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. मुंगसाला पाच बोटं आणि पुढे नख्यांचे टोचे, मांजराला चार बोटं आणि नखी नाही.

बोटं ज्या दिशेला, प्रवास त्या दिशेला. ‘आत’ किती आणि ‘बाहेर’ किती, हे रोज मांडा. रोजची फेरी असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात, कारण गेलेला परत येतो. ‘आत’चा आकडा तिन्ही रात्री ठळकपणे जास्त असेल आणि ठसे लहान असतील, तर पांगणारी पिल्लं तुमच्या रानात मुक्कामाला येताहेत. ज्वारी काढल्यावर हाच हिशेब उलटा होतो, आणि ‘बाहेर’ची पावलं कुठल्या बांधाकडे वळतात ते बघितलं की उन्हाळ्यातला त्यांचा आश्रय सापडतो.

चांदण्याचं भान ठेवा. लख्ख चांदण्यात बरेच उंदीर उघड्यावर कमी येतात, घुबडाला दिसायची भीती. पौर्णिमेची पट्टी आणि अमावास्येची पट्टी यांची तुलना करू नका. अक्कलकोट-बार्शीकडे वेळ अमावास्येला सगळं घर रानात असतं. ज्वारी उभी, रात्र अंधारी, आणि हाताशी पोरं भरपूर. भज्जी-आंबील झाल्यावर संध्याकाळी पोरांकडून पट्ट्या टाकून घ्या. रोज सकाळी ठसे बघायला तीच पहिली धावतील.

पायरी ६: वर्षभरात कधी बघायचं

तीन मोजण्या पुरेत. पहिली मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा. रानात खाणं नाही, उंदीर बांधावर, उसात आणि गंजीखाली गोळा झालेले, संख्या कमी. दुसरी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, पेरणीनंतर. पावसाळ्यातल्या गवताच्या बियांवर वाढलेली पिल्लं याच सुमारास जागा शोधत हिंडतात, त्यामुळे राखेच्या पट्टीला सर्वांत जास्त काम याच महिन्यात. तिसरी ज्वारी काढल्यावर लगेच. बागायती रान असेल तर ऊसतोडीच्या आधी आणि नंतर एकेक मोजणी जोडा. तोड झाल्यावर शेजारच्या रानात एकदम गर्दी होते, ती याच बिऱ्हाड हलण्याने.

पायरी ७: नकाशा बघून काय करायचं

उपायाची वेळ मे-जून. तेव्हा एक घूस कमी झाली तर पावसाळ्यातली तिची पुढची वेतं टळतात, आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज असतात. डिसेंबरात कणसं बघून धावपळ करणं म्हणजे पांगून झाल्यावर वेशीचं दार लावणं.

आणि हे एकट्याने होत नाही. तुमच्या नकाशावर ज्या बांधाने गळती दाखवली, त्या बांधाच्या मालकाकडे वही घेऊन जा. “दादा, तुमच्या रानातून येतात” असं म्हटलं की भांडण. तारखांची रेघ दाखवली की माणूस वाकून बघतो, हा माझा अनुभव. लगतच्या चार-पाच रानांनी एकाच आठवड्यात बिळं बुजवली, पिंजरे लावले, तर रिकामी जागा भरायला लगेच कुणी उरत नाही.

कडब्याची गंजी जमिनीवर रचू नका. गुडघ्याच्या वर उंचीचा दगड-लाकडाचा माच करा, खालून मांजर सहज फिरलं पाहिजे. आमच्या उत्तर बांधाचं दुखणं एवढ्यानेच बरंच हटलं. पाचटाचे ढीग बांधालगत साठवू नका. बांध मात्र जाळू नका, खोदून सपाटही करू नका. त्या गवताने माती धरली आहे, आणि तिथेच मुंगूस आणि धामण राहतात. धामण बिनविषारी आणि पक्की उंदीरखाऊ. मुंगसाला तर कायद्याचं संरक्षण आहे.

घुबडाला बसायला जागा द्या. मालदांडी ज्वारी पुरुषभर उंचीच्या वर जाते, म्हणून हरभऱ्यातले बुटके पक्षीथांबे इथे उपयोगाचे नाहीत. बांधावर दहा फुटांचा बांबू, वर आडवी काठी. जुना लिंब, चिंच, पडका वाडा, विहिरीतल्या कपारी शक्य तोवर राहू द्या.

विषाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सगळं करून भागलं नाही तरच, आणि कृषी विभागाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानेच. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिसळलं की फॉस्फीन हा जहाल वायू तयार होतो, तो माणसालाही तितकाच घातक. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त न गोठू देणारी औषधं खाल्लेला उंदीर काही दिवस मंदपणे हिंडत राहतो आणि तेव्हाच घुबडाच्या हाती लागतो. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरलेच पाहिजेत.

माळावरच्या जरबिलांच्या मागे लागू नका. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ १९७९ साली माळढोकसाठी राखीव झाला. तिथली खोकडं, घारी, गरुड, घुबडं या छोट्या जीवांवर जगतात. अभयारण्यात परवानगीशिवाय यातलं काहीच करायचं नाही. तुमच्या रानाला माळ लागून असेल तर कडेची मोजणी करा आणि कडेपुरताच बंदोबस्त ठेवा.

पायरी ८: लिंबाखालच्या गोळ्या

घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेले केस, हाडं यांची काळपट गोळी ओकून टाकतं. त्याच्या बसायच्या झाडाखाली या गोळ्या सापडतात. हातमोजे घालून गोळा करा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने केस सोडवा. कवटी हाती आली की दात बघा. पुढचे पटाशीचे दात आणि दाढा यांच्यात मोकळी जागा असेल तर उंदीरवर्गातला प्राणी. दातांची रांग सलग आणि टोकदार असेल तर चिचुंद्री. वरच्या पटाशीच्या दातांवर उभी खाच असेल तर जरबिल, आणि त्याच्या कवटीच्या मागे कानाची हाडं फुग्यासारखी फुगलेली दिसतात.

दर महिन्याच्या गोळ्या वेगळ्या कागदात बांधून वर तारीख लिहा. कडबा निघाल्यावरच्या गोळ्यांत घुशी कमी आणि खाचेच्या दातांचे जरबिल जास्त सापडू लागले, तर घुबड शिकारीला माळाकडे जातं आहे आणि तुमच्या रानातले जीव दुसरीकडे सरकलेत असा अंदाज बांधता येतो. राखेच्या पट्टीवरची ‘बाहेर’ची पावलं त्याच्याशी जुळतात का, ते पुढच्या पानावर ताडून बघा. आमच्या विहिरीजवळच्या लिंबावर दोन हंगाम रिकामे गेल्यानंतर पुन्हा एक जोडी बसायला लागली आहे. पहिली गोळी सापडली त्या कागदावर तारखेखाली मी फक्त एवढंच लिहिलं: घूस, एक.